बेंजोचा पिकअप : जोरही हवा, गोडवाही हवा

चैत्र उजाडला की आपल्या नगर जिल्ह्यात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. दिवसा कुस्त्यांचा हगामा, रात्री देवाचा छबिना. पालखी निघाली की तिच्यापुढे ढोलताशा आणि बेंजो आलाच. लग्नसराईत वरातीपुढे बेंजो, गणपतीत बेंजो, नवरात्रात बेंजो. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत असा तालुका नसेल की जिथे दोनचार बेंजो पार्ट्या नाहीत. शेतीची कामे सांभाळून आठ-दहा पोरे एकत्र येतात, चार पैसे मिळवतात, आणि गावालाही आपले म्हणून वाजवणारे मिळतात.

अशाच एका पार्टीची हकिकत आधी सांगतो. पाथर्डी तालुक्यातले हे एक बेंजोवादक. हात गोड. पण अलीकडे डीजेच्या भिंतीपुढे आपला बेंजो कमी पडतो, ही त्यांची खंत. दिवाळीनंतर ते शहरात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "सगळ्यात जोराचा पिकअप द्या." दुकानदाराने दिला. पहिल्याच वरातीत आवाज दणकून मोठा निघाला, पण असा काही टोचरा की नवरीचे आजोबा मांडवातून उठून आले आणि म्हणाले, "बाबा, बेंजो वाजवतोस का पत्रा कापतोस?" लोक हसले. पण त्या हंगामात त्यांच्या दोन सुपाऱ्या गेल्या, आणि पिकअपचे पैसे अंगावर पडले ते वेगळेच.

आता यात चूक कुणाची? पिकअपची, दुकानदाराची, की वाजवणाऱ्याची? ते समजून घ्यायचे तर पिकअप म्हणजे काय, त्याचा जोर कशात असतो आणि गोडवा कशात असतो, हे नीट पाहिले पाहिजे. गुरुजींनाही यात वर्गात दाखवण्यासारखे पुष्कळ आहे.

जपानचे वाद्य, आपला बेंजो

आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा आणि अमेरिकेतल्या बँजोचा नावापुरताच संबंध. अमेरिकेचा बँजो म्हणजे डफासारख्या कातड्यावर तारा ताणलेले वाद्य. आपल्या बेंजोचे मूळ जपानात आहे. नागोया शहरातल्या मोरिता गोरो या माणसाने १९१२ साली टाइपरायटरच्या कळांवरून कल्पना घेऊन एक तारवाद्य तयार केले. ते वर्ष जपानच्या तैशो राजवटीचे पहिले वर्ष, म्हणून त्या वाद्याचे नाव पडले तैशोगोतो. एका हाताने कळा दाबायच्या, दुसऱ्या हाताने नखीने तारा छेडायच्या. पुढे हेच वाद्य आपल्याकडे बुलबुल तरंग म्हणून घरोघर पोचले. तारांवर बोट दाबून सूर शोधण्याची कटकट नाही, पेटीसारखी कळ दाबली की सूर हजर, म्हणून ते लोकप्रिय झाले.

पण बुलबुल तरंगाचा आवाज पडला नाजूक. माजघरात ऐकायला ठीक, ढोलताशापुढे तो कुठला ऐकू येणार? हीच अडचण एके काळी गिटारवाल्यांचीही होती. अमेरिकेत जॉर्ज बोशँप आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ च्या सुमारास तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवून विजेची गिटार बाजारात आणली. तीच युक्ती आपल्या कारागिरांनी बुलबुल तरंगाला लावली, आणि घरातले वाद्य मिरवणुकीत आले. तेव्हा बेंजोच्या पिकअपचा आणि गिटारच्या पिकअपचा कुळाचार एकच. गिटारबद्दल जे शास्त्र कळले आहे ते बहुतेक सगळे आपल्या बेंजोलाही लागू पडते.

पिकअप ऐकतो तरी काय?

पुष्कळांना वाटते की पिकअप म्हणजे एक लहानसा मायक्रोफोन. तसे नाही. मायक्रोफोन हवेची थरथर टिपतो. पिकअपला हवेशी कर्तव्य नाही. तो फक्त पोलादी तारेची हालचाल ओळखतो.

सायकलचा डायनॅमो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक फिरतो आणि वीज निर्माण होते. चुंबकाचा प्रभाव वेटोळ्यात कमीजास्त झाला की वीज उपजते, हा नियम मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिला. पिकअपमध्ये चुंबक जागचा हलत नाही. त्याच्यासमोरची पोलादी तार हलते. तार चुंबकाच्या प्रभावात असल्यामुळे ती स्वतःही थोडी चुंबकासारखी होते, आणि ती सेकंदाला २५० वेळा थरथरली तर वेटोळ्यात २५० वेळा विजेची लाट उठते. ही लाट फार लहान, साधारणपणे व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ॲम्प्लिफायर तिला मोठी करतो आणि स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. तार पोलादाची पाहिजे. पितळेची तार कितीही गोड वाजली तरी पिकअपला ती दिसतच नाही. तार विकत घेताना खिशात लहानसा चुंबक ठेवावा. तार त्याला चिकटली तर कामाची.

जोर कशात असतो

आपल्याकडे विहिरीवरची मोटार जळाली की ती रिवाइंडिंगला जाते. तिथे आपण पाहतो, लाखेसारखा मुलामा दिलेली तांब्याची तार मोजून वेढे देऊन भरतात. पिकअपचेही तसेच, फक्त तार फार बारीक. नेहमीच्या पिकअपची तार मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाएवढी जाड, म्हणजे डोक्याच्या केसासारखी, आणि वेढे सात-आठ हजार.

वेढे वाढवले की वीज वाढते. दहा-बारा हजार वेढे दिलेल्या पिकअपला बाजारात 'हाय आउटपुट' म्हणतात. चुंबक जोरदार घातला, किंवा तारांच्या जवळ आणला, तरी वीज वाढते. इथवर सगळे सोपे आहे. पण हिशेब इथे संपत नाही.

समजा, वेढे शेकडा २० ने वाढवले. वीजही साधारण शेकडा २० ने वाढेल. कानाला हा फरक किती? आवाज मोजण्याच्या डेसिबल या मापात अवघा दीडच्या आसपास, म्हणजे कान देऊन ऐकले तर जेमतेम कळेल इतका. आवाज दुप्पट झाला असे माणसाला वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल वाढ लागते. त्यासाठी वीज तिपटीहून अधिक पाहिजे. ती वेढ्यांनी मिळत नाही. ॲम्प्लिफायरची कळ जराशी फिरवली की फुकट मिळते.

मग जोराचा पिकअप लोक घेतात कशाला? विलायती धडाक्याच्या संगीतात गिटारवाल्यांना ॲम्प्लिफायर मुद्दाम दमवून आवाज फाडायचा असतो, म्हणून. तिथे आवाज फाटणे हा अलंकार आहे. आपल्या बेंजोवर अभंग, लावणी, आरती वाजवायची असते. तिथे फाटलेला आवाज म्हणजे दोषच.

गोडवा कशात असतो

तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून गंधार आपोआप उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो येतो कुठून? कोणतीही तार एकच एक सूर देत नाही. मूळ सूर २५० चा असेल तर तिच्यातून ५००, ७५०, १०००, १२५० असे वरचे सूरही निघत असतात. यांना उपस्वर म्हणू. मूळ सुराशी हे उपस्वर कोणत्या प्रमाणात मिसळले आहेत, यावर आवाजाचा पोत ठरतो. वरचे उपस्वर फार झाले की आवाज टोचतो, पत्र्यासारखा लागतो. फार कमी झाले की घोंगडीखालून आल्यासारखा बुजका होतो. दोन्हींच्या मधला जो भरलेला, गोल आवाज, त्याला आपण गोड म्हणतो.

पिकअप सगळ्या सुरांना सारखे वागवत नाही. वेटोळ्याचा एक गुण आहे, त्याला इंडक्टन्स म्हणतात आणि तो हेन्री या मापात मोजतात. ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या केबलचा एक गुण आहे, त्याला कपॅसिटन्स म्हणतात. या दोघांच्या जोडीने एक ठरावीक कंपनसंख्या अशी निघते की तिथे पिकअप सर्वांत उतावळा होतो, आणि तिच्या वरचे सूर तो झपाट्याने गाळून टाकतो. पाळण्याला त्याच्या लयीत झोका दिला की तो जसा उंच जातो, तसाच हा प्रकार. हे टोक सेकंदाला ४००० च्या आसपास आले तर आवाज धारदार, ३००० जवळ आले तर ठसठशीत, आणि २००० ते २५०० च्या दरम्यान आले तर गोल आणि ऊबदार वाटतो.

आता आकडे घालून पाहू. अडीच हेन्रीचा पिकअप आणि एकूण ६०० पिकोफॅरडची केबल असेल तर हे टोक येते ४१०० च्या आसपास. त्याच केबलला आठ हेन्रीचा, म्हणजे पुष्कळ वेढ्यांचा पिकअप लावला तर ते उतरते २३०० वर. वेढे वाढले की जोर वाढतो आणि टोक खाली येऊन आवाज गोलही होतो. पण तोल ठेवला पाहिजे. वेढे शेकडा २० वाढले की इंडक्टन्स वाढतो सुमारे शेकडा ४४. वेढ्यांचा अतिरेक केला की आवाज चिखलात रुतल्यासारखा होतो आणि जलद ताना एकमेकींत मिसळून जातात.

आता तुम्ही विचाराल, वेढे वाढल्याने आवाज गोल होतो, तर मग पाथर्डीच्या त्या पिकअपचा पत्रा का झाला? थांबा, त्याचे उत्तर पुढे येते.

चुंबकाची जात

पिकअपमध्ये मुख्यतः दोन जातींचे चुंबक येतात. एक अल्निको. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव बनले. दुसरा फेराइटचा, काळा, मातीच्या भांड्यासारखा ठिसूळ, तोच स्पीकरच्या मागे असतो. फेराइट स्वस्त आणि जोरदार. अल्निकोत क्रमांक असतात. दोन क्रमांकाचा मवाळ, पाच क्रमांकाचा जोरदार.

फेराइट म्हणजे कर्कश आणि अल्निको म्हणजे गोड, असे दुकानात सांगतात. ते अर्धेच खरे आहे. वेढे, लोखंडी भाग आणि चुंबक यांचा मेळ कसा जमवला आहे, यावर आवाज ठरतो. तरी एक गोष्ट पक्की. जोरदार चुंबक तारांच्या फार जवळ आला तर तो तारेला आपल्याकडे ओढून धरतो. मग तार मोकळी थरथरत नाही, सूर लवकर विरतो आणि डळमळतो. बेंजोवर दोन तारा एकाच सुरात मिळवलेल्या असतात, त्यामुळे तिथे ही डळमळ लगेच कानावर येते. वादक खुंट्या पिळत बसतो, आणि दोष असतो खालच्या चुंबकाचा.

दोन वेटोळ्यांची युक्ती

एका वेटोळ्याच्या पिकअपची आणखी एक खोड आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे घेते. आजूबाजूचे ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, रोषणाईच्या माळा यांची ती गुणगुण पिकअप पकडतो आणि वाजवणे थांबले की स्पीकरमधून घुंऽऽ ऐकू येते. छोट्या हत्तीवर जनरेटर, ॲम्प्लिफायर आणि बेंजो शेजारी शेजारी असले की विचारूच नका.

अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनी यावर १९५५ साली तोड काढली. त्यांनी शेजारी शेजारी दोन वेटोळी ठेवली. एकाचे वेढे उजवे तर दुसऱ्याचे डावे, आणि एकाचा चुंबक उत्तर टोक वर करून तर दुसऱ्याचा दक्षिण. बाहेरची गुणगुण दोन्हींत उलटसुलट येते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलट होतो आणि त्याची बेरीज होते.

या युक्तीत आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. दोन वेटोळी एकापुढे एक जोडली की वीज वाढली, म्हणजे जोर आला. इंडक्टन्सही वाढला, म्हणजे टोक खाली आले. शिवाय तार दोन ठिकाणी पाहिली जाते, त्यामुळे अगदी वरचे काही उपस्वर आपसांत कटतात. जोर वाढला, टोचणी कमी झाली आणि गुणगुण गेली. जोरदार तरी गोल आवाज हवा असेल तर दोन वेटोळ्यांचा, मध्यम वेढ्यांचा, अल्निको चुंबकाचा पिकअप आधी ऐकून पाहावा.

खरेदीआधी फुकटचे उपाय

नवा पिकअप घेण्याआधी चार गोष्टी करून पाहाव्यात. त्यांना पैसा लागत नाही, किंवा लागला तर चहापाण्याइतका.

पहिली गोष्ट उंची. पिकअप आणि तार यांत आधी तीन मिलिमीटर अंतर ठेवा. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढे होते. मग अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वरखाली करून ऐका. जवळ नेला की जोर आणि टोचणी वाढते, दूर नेला की आवाज मोकळा होतो.

दुसरी गोष्ट जागा. घोडीजवळ तार कमी हलते आणि तिथे वरच्या उपस्वरांचे प्रमाण जास्त पडते, म्हणून आवाज चिरका. पिकअप घोडीपासून कळांच्या बाजूला बोटभर सरकवता आला तरी फरक कळतो.

तिसरी गोष्ट केबल. साध्या केबलचा कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असतो. तो अडीच हेन्रीचा पिकअप तीन मीटरच्या केबलवर ५८०० जवळ टोक देतो, तर दहा मीटरच्या केबलवर ३२०० जवळ. म्हणजे केबल बदलली तरी आवाज बदलतो. लांब केबल नको असेल तर रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून ४७० किंवा १००० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर पिकअपच्या दोन तारांमध्ये डाखून घ्या. काही रुपयांचे काम. आवडले नाही तर काढून टाका.

चौथी गोष्ट स्पीकर. लोखंडी भोंगा खालचे सूर जवळजवळ देतच नाही. तो लांबवर सूचना ऐकवायला केलेला आहे. भोंग्यावर बेंजो जोडून गोडवा शोधणे म्हणजे पाटाला पाणी नसताना वाफे बांधत बसणे. लाकडी खोक्यातला बारा किंवा पंधरा इंची स्पीकर असेल तर आधी तो लावा.

आता पाथर्डीचे कोडे सुटते. त्या वादकांनी मिक्सरची गेनची कळ जुन्या, अशक्त पिकअपच्या हिशेबाने ठेवली होती. नवा पिकअप दुप्पट वीज देऊ लागला, मिक्सरचे तोंड भरून वाहिले आणि आवाज फाटला. फाटलेल्या आवाजात नवे कर्कश उपस्वर जन्माला येतात. ते तारेतून आलेले नसतात, मिक्सरमध्ये तयार होतात. पुन्हा जोर हवा म्हणून पिकअप तारांना जवळजवळ टेकवला होता, आणि वर भोंगा. एका गुरुजींच्या सल्ल्याने त्यांनी पिकअप दोन मिलिमीटर खाली घेतला, गेन निम्म्यावर आणली आणि भोंग्याऐवजी खोक्याचा स्पीकर लावला. निम्मा पत्रा तिथेच गेला. जनरेटरची घुंघुं तेवढी राहिली. ती पुढच्या हंगामात दोन वेटोळ्यांचा पिकअप घेतल्यावर गेली.

दुकानात जाताना

इतके करूनही नवा पिकअप घ्यायचाच असेल तर आपला बेंजो बरोबर न्या. दुसऱ्याच्या वाद्यावर ऐकून निर्णय करू नये.

आधी रुंदी पाहा. गिटारच्या पिकअपवर सहा खुंट असतात आणि पहिल्यापासून सहाव्यापर्यंत सुमारे पाच सेंटिमीटर अंतर असते. बेंजोच्या तारा त्या खुंटांवर बरोबर येतीलच असे नाही. एखादी तार दोन खुंटांच्या मधे पडली की ती दबून वाजते. म्हणून खुंटांऐवजी सलग पोलादी पट्टी असलेला पिकअप बेंजोला सोयीचा.

मग मल्टिमीटर लावा. साधा एका वेटोळ्याचा पिकअप ६ ते ८ किलोओहम दाखवतो, जोरदार दोन वेटोळ्यांचा १२ ते १६ किंवा थोडा पुढे. काटा हललाच नाही, किंवा आकड्यांच्या मीटरवर काहीच मोजले गेले नाही, तर आत तार तुटली आहे. पण ओहम जास्त म्हणजे जोर जास्त, असे समजू नका. तार अधिक बारीक घेतली तर तेवढ्याच वेढ्यांना ओहम वाढतात. शिवाय तांबे तापले की त्याचा रोध वाढतो. २० अंशांत ८ किलोओहम दाखवणारा पिकअप आपल्या वैशाखातल्या ४० अंशांत ८.६ दाखवील. पिकअप तोच, ऊन वेगळे.

नंतर पिकअप ॲम्प्लिफायरला जोडून पेन्सिलीने हलकेच टकटक करा. टकटक मोठ्याने ऐकू आली तर आतले वेढे सैल आहेत, आणि मोठ्या आवाजात तो शिट्टी मारणार. चांगला पिकअप मेणात बुडवून पक्का केलेला असतो.

सर्वांत महत्त्वाचे, दोन पिकअप ताडून पाहताना दोघांचा आवाज कळ फिरवून आधी सारखा करा. मोठा वाजणारा तो चांगला, असा कानाला नेहमीच भास होतो. दुकानदारही हे ओळखून असतो. जमले तर पाठ फिरवून उभे राहा, सोबत्याला अदलाबदल करू द्या आणि न पाहता सांगा कोणता गोड. एकच अभंग सावकाश आणि एक लावणी जलद, दोन्ही वाजवून पाहा.

एक सूचना जिवाची. बेंजोच्या तारा पिकअपमार्फत ॲम्प्लिफायरच्या पत्र्याशी जोडलेल्या असू शकतात. जनरेटरला अर्थिंग नसेल आणि ॲम्प्लिफायरमध्ये गळती असेल तर ती वीज वादकाच्या बोटात येते. तीन पिनांची जोडणी आणि अर्थिंग याशिवाय वाद्याला हात लावू नका. पावसात तर मुळीच नाही.

गुरुजींसाठी

शाळेत हा प्रयोग सहज होतो. बोटभर लांबीच्या चुंबकाभोवती मुलामा दिलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे चारपाचशे वेढे द्या. दोन्ही टोकांचा मुलामा खरवडून ती बॅटरीवर चालणाऱ्या लहान ध्वनिवर्धकाच्या माइकच्या तोंडाला जोडा. फळीवर दोन खिळ्यांमध्ये बेंजोची पोलादी तार ताणून तिच्याखाली हा चुंबक धरा आणि तार छेडा. आवाज येईल. आता पोलादाऐवजी तांब्याची तार ताणा. आवाज जवळजवळ येणार नाही. चुंबक तारेच्या मध्यावर आणि मग टोकाजवळ धरून पोत कसा पालटतो तेही मुलांना ऐकवा. फॅरडेचा नियम फळ्यावर लिहून जे समजत नाही ते कानाला क्षणात समजते. भिंतीतल्या विजेवर हा प्रयोग करू नये.

शेवटची गोष्ट

डीजेशी जोराने बरोबरी करण्याचा हट्ट बेंजोवाल्यांनी धरू नये, असे मनापासून सांगावेसे वाटते. त्या शर्यतीत बेंजो हरणार हे ठरलेले. आणि जिंकला तरी कान हरणार. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम करणे ही कानाची मर्यादा मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो उरतो अवघा पंधरा मिनिटांचा. आपली वरात पंधरा मिनिटांत कधी संपते का? रोज स्पीकरपुढे उभ्या राहणाऱ्या पोरांचे कान तिशीतच बहिरे होऊ लागतात. आधी जातात ते वरचे सूर. मग वादक म्हणतो, आवाज बुजका येतोय, आणि कळ आणखी वाढवतो.

कायद्यानेही मर्यादा घातली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे ध्वनिवर्धकाला परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर तो लावता येत नाही. वर्षातल्या ठरावीक सणांच्या दिवशी, जास्तीत जास्त पंधरा दिवस, सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते. दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून सरकार जाहीर करू शकते. छबिना निघण्याआधी पार्टीच्या प्रमुखाने हे पाहून ठेवलेले बरे.

बेंजोचे बळ मोठ्या आवाजात नाही. लोक त्याच्या गाण्यासाठी थांबतात. पाथर्डीच्या त्या वादकांना पुढच्या वर्षी त्याच गावातून सुपारी आली. धाकट्या नातीचे लग्न होते. देवळापुढे वरात थांबली तेव्हा त्यांनी एक अभंग वाजवला. आजोबा खुर्ची ओढून बेंजोजवळ येऊन बसले. या खेपेला ते काहीच बोलले नाहीत. अभंग संपल्यावर एवढेच म्हणाले, "अजून एक होऊ द्या."